वायसर

बापाच्या चाळिसाव्यासाठी दोन बोकड सांगून ठेवले होते
अडावदच्या बाजारात, इसार देऊन.
चुलते म्हणत होते, गावजेवण झालंच पाहिजे,
सुपडू तडवी काय असातसा माणूस होता?

आई चुलीपाशी कळण्याची भाकर थापत होती.
मान वर न करता तिनं विचारलं,
जिनिंगमधले लोक काय पितात?

जिनिंग म्हणजे चोपड्याच्या रस्त्यावरची, बंद पडलेली.
कापसाच्या जागी आता तिथं माणसं रचलीत.
अनेरनं एका रात्रीत वरचे तीन पाडे नेले,
उरलेल्यांना ट्रकमधून तिथं उतरवलं,
फाटकावर पाटी लावली: तात्पुरती छावणी.
तात्पुरतीला आता चौथा महिना.

मी मोटारी रिवाइंड करतो. पाण्याशी माझा संबंध
तांब्याच्या तारेपुरता.
जाऊन पाहिलं.
हौद होता. हौदात सरकी कुजत होती.
एक बाई पदराची चौपदरी घडी करून पाणी गाळत होती
आणि गाळलेलंही
बिनदुधाच्या चहासारखं दिसत होतं.

आईला सांगितलं.
ती म्हणाली, मग जेवण तिथंच झालं समज.

इसार बुडाला.
चुलते मौलवीसाहेबांकडे गेले,
ते तरी बोकडांच्या बाजूनं बोलतील म्हणून.
ते वजू करत होते. नळ बंद करून म्हणाले,
गेलेल्याच्या नावानं पाणी पाजणं सगळ्यात चांगलं.
आणि नळ पुन्हा सोडला, बारीक.

भालोदच्या एका केळीवाल्यानं टँकर दिला, फुकट.
झाकण उघडलं तर फवारणीचा वास.
तीनदा धुतला. चौथ्यांदा सोडा टाकून.
आईनं बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकली.
जे आपल्या माठात ओतणार नाहीस
ते बापाच्या नावानं ओतू नको.

मग बोअर.
दोनशे दहा फुटांवर नुसती ओल,
दोनशे साठला पाणी.
आईच्या पाटल्या त्या मधल्या पन्नास फुटांत गेल्या.
वाळू-कोळशाची टाकी, सहा तोट्या,
दोन खाली, पोरांच्या हाताला येतील अशा.
पेंटर विचारत होता, मरहूम सुपडू तडवी यांच्या स्मरणार्थ,
कमानीत टाकू का, वर चांद काढून?
आई म्हणाली, 'पिण्याचं पाणी' एवढंच टाक.

पहिल्या दिवशी रांगेत खुमसिंग पावरा होता, म्हातारा.
त्यानं तोटी सोडली आणि मागं सरला,
जसं काही ते अंगावर येईल.
पाण्यानंच त्याचं घर नेलं होतं. नातूही.
बराच वेळ धार बघत उभा राहिला.
मागच्या बाया गप्प, हंडे कमरेवर.
मग त्यानं ओंजळ धरली.

हाई पानी कोनं शे, भाऊ?

बापाचं म्हणावं, तर बापानं जन्मभर
दुसऱ्यांच्या केळीला रात्री पाणी भरलं,
मोटार त्यांची, विहीर त्यांची, वीज रात्री दोनची.
तुमचंच, मी म्हणालो.
तो हसला नाही. प्यायला.

सदका-ए-जारिया हे मदरशात घोकलं होतं.
जारिया म्हणजे वाहतं, चालू राहणारं.
मला वाटायचं, एकदा दिलं की आपोआप चालू राहतं.
तिसरी तोटी दर महिन्याला गळते.
पोरं लोंबकळतात तिला.
शुक्रवारी नमाज झाली की मी पान्हा घेऊन जातो,
खिशात पाच रुपयेवाले वायसर.

गेल्या शुक्रवारी उशीर झाला.
खुमसिंगनं तोटीला चिंधी गुंडाळून ठेवली होती,
थेंबांखाली मडकं,
मडक्याच्या काठावर दोन व्हले.
उना का, म्हणाला,
आणि पान्ह्यासाठी हात पुढे केला.