एक जून

कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस. सहा बाय आठचा गाळा.
दिवसभर मी लोकांची वयं छापते:
आधार, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला.
काळंपांढरं दोन रुपये, रंगीत दहा.

साडेनऊला शटर ओढत होते तेव्हा ओजस्वी आली,
तिसऱ्या मजल्यावरची, नववी ब.
"मावशी, जरा इकडे बघा ना. हसू नका फक्त."
फोनमध्ये एक रिकामं अंडं,
खाली लिहिलेलं: चेहरा चौकटीत आणा.
हळूच डावीकडे वळा.

व्हिडिओवाल्यांना म्हणे संशय आलाय.
जन्मसाल तिनं १९८९ टाकलं होतं,
आकडे फिरवताना जिथे बोट थांबलं ते.
आता रात्री दहाला आपोआप बंद होतं,
अनोळखी माणसांचे मेसेज येत नाहीत,
एक संपलं की दुसरं लागत नाही.
"कुक्कुलं बाळ करून ठेवलंय मला."

मी अंड्यात चेहरा घातला.
डोळ्यांखाली टोनर सांडल्यासारखं.

एकोणनव्वद.
घणसोलीच्या खारीला खांड गेली त्या वर्षीची तू,
आई सांगायची, पाणी चुलीपर्यंत
आणि तू पोटात.
गुरुजींनी एक जून लावला,
वर्गातल्या अकरा जणांना तोच.
पुढे पंधराव्या वर्षी मामांनी
ब्लेडनं खरवडून दाखल्यावरच्या नवाचा सहा केला
आणि मी अठराची झाले.
हात सफाईदार होता त्यांचा.
झेरॉक्समध्ये तर कळतच नव्हतं.

हळद लागली तेव्हा मांडवात तीनशे माणसं,
पण कुणी म्हटलं नाही,
हळूच डावीकडे वळ.

"मावशी, वळा ना!"
फोन म्हणाला: वेळ संपली. पुन्हा प्रयत्न करा.
मी तो पालथा करून तिच्या हातात दिला.
म्हटलं, बस थोडा वेळ, या कागदांना पिना मार,
तुझी आई महापेहून येईपर्यंत.
ती काही बसली नाही.
जिन्यावर चपला आपटत गेली,
दोन मजले ऐकू आल्या.

कुलूप लावून मी रस्त्यापलीकडे उभी राहिले.
दहाला तिच्या खिडकीतला निळा उजेड गेला.
बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
पिशवी या हातातून त्या हातात घेतली
तेवढ्यात तो परत आला.

कुणीतरी वळलं असेल डावीकडे.