डावीकडे एकोणपन्नास

औलू, फेब्रुवारी. सकाळचे नऊ, बाहेर अजून करडंच.
टेबलावर तानेली ह्यूरी, वय एकाहत्तर,
ज्याने चाळीस हिवाळे गोठलेल्या समुद्रावर रस्ता आखला:
गिरमिटाने भोक पाडायचं, पट्टी सोडायची,
बर्फाची जाडी वहीत लिहायची
आणि मगच ट्रक सोडायचे.

त्याच्या कपाळावर मी दोन पट्ट्या चिकटवल्या.
त्यांतून डोळ्यांना न दिसणारा उजेड आत जातो,
कातडी, हाड ओलांडून जरा खोल,
आणि थोडा कमी होऊन परततो.
जेवढा आत राहिला त्यावरून आम्ही ताडतो
मेंदूतल्या रक्तात प्राणवायू किती उरलाय ते.
कपाळी लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही म्हणतात.
आम्हाला येतं, दर पाच सेकंदांनी.
अर्थ लागतोच असं नाही.

अडुसष्ट. एकाहत्तर.

मौनुलाबाईंनी महाधमनीला चिमटा लावला.
काळीज थांबलं.
आता त्याचं सगळं रक्त माझ्या यंत्रातून फिरतंय,
पारदर्शक नळ्यांतून, माझ्या गुडघ्याजवळून.
बत्तीस अंशांवर आणलंय त्याला.
डोकं थंड ठेव, हे इथे रागावलेल्याला सांगायचं वाक्य नाही.

दहा वीस.
डावीकडे एकसष्ट.
छप्पन्न.
उजवा आकडा जागचा हलत नाही.
एकोणपन्नास.

ओरडत कुणीच नाही.
"दाब?" "पासष्ट."
इल्मारी औषध वाढवतो, मी प्रवाह.
कार्बन डायऑक्साइड ठीक. हिमोग्लोबिन ठीक.
आकडा हट्टी पोरासारखा तिथेच बसलेला,
आणि बाई शिवताहेत, केसाएवढ्या दोऱ्याने.

काल दारात उभ्या ऐलाने
हृदयाबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता.
"घरी आल्यावर मला ओळखेल ना?" एवढंच.
मी म्हणाले, आम्ही लक्ष ठेवतो.
लक्ष. केवढासा शब्द तो.

मग इल्मारी चादरीखाली वाकला.
मान कलली होती, बोटभर.
झोपलेलं पोर उशीवर ठेवावं तशी
दोन्ही तळव्यांत धरून त्याने ती सरळ केली.

एकोणपन्नास.
एकोणपन्नास.
त्रेपन्न.

मी नोंद केली: दहा एकोणतीस, मान सरळ.
मधल्या नऊ मिनिटांत काय गेलं, काही गेलं का,
आकड्याला ठाऊक नाही.
त्याला नावं मोजता येत नाहीत.

तिसऱ्या दिवशी वॉर्डातली सिनिक्का जिन्यात भेटली.
म्हातारा चिडलाय म्हणाली,
कपाळावर हे दोन लाल चौकोन कुणी उठवले विचारतो.
आणि ऐला?
दोनदा बहिणीच्या नावाने हाक मारली तिला,
तिसऱ्यांदा बरोबर.
होतं असं, सिनिक्का म्हणाली, चार-दोन दिवस.

समुद्रावरचा रस्ता यंदा अजून उघडलेला नाही.
माणसं गिरमीट घेऊन गेलीत.
मोजताहेत.