पान एकोणतीस

लिंकनशायरचा हा भाग इतका सपाट
की गावाआधी अर्धा तास दिसतं चर्चचं टोक.
एक गुरुवार सोडून मी लायब्ररीची गाडी घेऊन निघते.
बीटची शेतं, कालवा, पुन्हा बीटची शेतं,
मधेच ती जुनी धावपट्टी,
तिच्यावर आता टर्की पाळतात.

गाडीत डाव्या हाताला, खालचे दोन कप्पे:
युद्धातली प्रेमं.
मुखपृष्ठ सगळ्यांचं एकच,
पाठमोरी मुलगी, मानेवर केसांची वळकटी, हातात लहानशी बॅग,
वर आभाळात तीन विमानं.
चेहरा दाखवत नाहीत कधी.
पाठ काय, कुणालाही बेतते.

मी हसायचे. नवी होते तेव्हा.
ज्यांनी खरं युद्ध काढलं
त्यांना हे साखरेत घोळलेलं कशाला?

म्यूरियल बार्कवर्थ ताकाला येऊन भांडं लपवायची:
वर गुलाबांच्या छाटणीचं पुस्तक,
खाली दोन कादंबऱ्या.
उभ्याउभ्याच शेवटचं पान उघडायची.
"परत येतो का तो, तेवढं बघते.
येत असला, तर मधलं सोसते मी."

वाचलेलंच पुन्हा घरी जाऊ नये
म्हणून प्रत्येकीची पेन्सिलीची खूण, पान एकोणतीसवर.
एकोणतीसच का, कोण जाणे.
मिसेस ओल्डरशॉचं वर्तुळ,
मॅपलबेक बहिणींच्या दोन रेघा, एक जरा आखूड,
म्यूरियलचा आकडा, क्रोशाच्या सुईसारखा टोकाशी वळलेला.
नियम म्हणतो, खोडा.
खोडरबर आहे गाडीत. कोरं करकरीत.

एकदा विचारलंच, काय असतं हो ह्यांत?
ती म्हणाली,
"ह्या पोरींना ठाऊक असतं, आपण युद्धात आहोत.
आम्हाला तो नुसता मंगळवार वाटायचा.
साबण नाही, बूट ओले.
आणि पत्रं बघ ह्यांची! पानंच्या पानं!
सेसिलची नऊ आली चार वर्षांत.
थंडी आहे. मोजे पाठव."

फेब्रुवारीत ती गेली.
मार्चमध्ये सेसिल चढला गाडीत, दांडा घट्ट धरून.
"तिच्यातलं एखादं द्या."

पंधरा दिवसांनी पुस्तक टेबलावर आपटलं.
"सगळं खोटं. ते इंजिन असं खोकत नाही.
आणि इतकं बोलतं कोण?"
मी गुलाबांकडे हात नेला.
"ते नको. पुढचं द्या."

असे सहासात झाले.
मग जूनमध्ये, माझ्याकडे पाठ करून, कप्प्याशीच बोलल्यासारखा:
"मी मेकॅनिक. उडालो नाही कधी.
पुस्तकांत बघावं तर सगळे उडणारेच.
आम्ही धावपट्टीच्या कडेला, सायकली गवतात टाकून,
पहाटे मोजायचो.
चौदा गेलेली. अकरा. बारा.
तेराव्यासाठी कान लावून उभे, चहा गार.
ह्यांत मोजते ती मुलगी.
खिडकीशी. बोटं दुमडत.
अगदी तस्संच."

"त्यांना सांगितलं होतंत हे?"

बराच वेळ गेला. बाहेर कुणीतरी छत्री झटकत होतं.
"मोज्यांचं सांगितलं होतं."

ऑक्टोबरात नवी कादंबरी आली, छापखान्याचा वास अजून अंगावर.
पहिल्यांदा त्यानंच नेली.
परत आली तेव्हा मी, सवयीनं, एकोणतीस काढलं.
आकडा होता.
जरा थरथरलेला, वळण उलट्या बाजूला,
पण आकडाच.

त्या संध्याकाळी धावपट्टीपाशी गाडी थांबवली.
टर्की आत गेल्या होत्या, काच धुक्यानं भरत होती.
दिवा लावला.
आधी शेवटचं पान उघडलं.

येतो तो.

मग पहिल्यावर आले.