कल्ला

ओहोटीला गुहागरची वाळू
मैलभर सरळ, ओली, घट्ट.
सुरूच्या खोडाला बांधलेली लाल चिंधी,
तिथून चारशे मीटरवर
काठीला अडकवलेला जाळ्याचा तुकडा.
आमचं स्टेडियम एवढंच.

दिलेश पालशेतकर, एस. वाय. कॉमर्स.
वर्षभर बावन्नच्या खाली येत नव्हता.
गणपतीनंतर आला:
एकोणपन्नास पॉइंट तीन.
मी घड्याळ हलवून पाहिलं,
डिजिटल आहे हे विसरून.
खांदे बनियनमध्ये मावेनात,
पाठभर पुटकुळ्या.
पाहिलं मी.
वहीत वेळ लिहिली
आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्याची आई बाजारात मासे विकते.
गिऱ्हाईक कुणीही असो, स्वतःच
सुरमईचा कल्ला नखाने उचलते:
"बघून घ्या सर. मागाहून बोलायचं नाय."
लाल असला की ताजी.

विद्यापीठाच्या स्पर्धेत दुपारी कुजबुज आली,
तपासणीवाले आलेत.
फायनलला आठ लेन, धावले तिघे.
पाच जणांच्या मांड्या
एकाच मिनिटात धरल्या.
त्यांना ठाऊक होतं आपण काय घेतलंय ते.
दिलेश धावला. पहिला आला.
लघवी होईना म्हणून तीन बाटल्या पाणी प्याला,
मला विचारत राहिला,
सर, मेडल आजच देतात ना?

फॉर्मवर रकाना होता,
गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं.
त्याने सुवाच्य अक्षरात भरला:
खोकल्याचं औषध.
आईने दिलेला काढा.
ताकदीच्या व्हिटॅमिनचं इंजेक्शन, आठवड्याला दोन,
चिपळूणच्या जिमवाल्या दादाकडून.
पेन माझं होतं.
खाली सहीही माझीच.

आता चार वर्षं बंदी.
काकाच्या होडीवर जातो.
कधी पहाटे चिंधीपासून जाळ्यापर्यंत
एकटाच पळताना लांबून दिसतो.
घड्याळ मी खिशातून काढत नाही.

काल त्याची आई
कल्ला उचलता उचलता थांबली.
"सर, व्हिटॅमिन वायट असतं काय ओ?"
तिच्या बोटांवरून बर्फाचं
लालसर पाणी ठिबकत होतं.
मी म्हटलं,
केवढ्याला दिली सुरमई, काकी?