खोकल्याचा प्रवेश

वूच शहरातल्या जुन्या सूतगिरणीत आता नाटकं होतात.
विटा घासून पुन्हा लाल केल्यात,
चात्यांच्या जागी खुर्च्या,
आणि जिथे कापसाच्या गासड्या उतरायच्या
तिथे प्रेक्षकांचे कोट ठेवायची खिडकी.
खिडकीत व्हिएस्वावाबाई.
याच इमारतीत बावीस वर्षं, दुसरा मजला, तिन्ही पाळ्या.
"मला बढती मिळाली," ती म्हणते, "खाली."

मी दारावर असतो. तिकिटं फाडतो, टॉर्च दाखवतो,
दिवसा विद्यापीठात काहीबाही शिकतो.
या हिवाळ्यातलं नाटक गिरणीतल्या बायकांचं.
तिकिटं आठवडाभर आधीच संपतात.
एका समीक्षकानं लिहिलं, 'धागा न् धागा खरा.'
सुतावरून स्वर्ग गाठला बिचाऱ्यानं.

बाईनं नाटक पाहिलेलं नाही, ऐकलंय.
दाराच्या फटीतून, एकोणतीस वेळा.
फटीतून रंगमंचाचा डावा कोपरा तेवढा दिसतो,
तिथे यंत्र ठेवलंय.
"त्या एवढ्या ओरडतात कशाला?" तिनं मला विचारलं.
"यंत्रं सुरू झाल्यावर ओरडून काय होतंय?
आम्ही ओठांनी बोलायचो.
कुणाचा नवरा पिऊन आला, कुणाचे दिवस चुकले,
सगळं मुकादमाच्या नाकावर टिच्चून,
चाळीस फुटांवरून, आवाज न काढता."
मग मलाही शिकवलं थोडं.
मी अजून कच्चा आहे. 'भाकर' आणि 'पगार' मला सारखेच दिसतात.

लिगिया, जी नायिका होते,
एकदा कोट घ्यायला आली, तेव्हा बाईनं तिचा हात धरला.
"तुटलेला धागा असा नाही जोडत, पोरी.
तू बुटाची नाडी बांधतेस."
स्वतःच्या स्वेटरचा धागा उसवून दाखवलं,
दोन बोटं, एक वळसा, अंगठ्यानं दाब.
लिगियाला जमेना. बाईंचा स्वेटर मात्र
कोपराजवळ बराच उसवला.

चौथ्या प्रवेशात नायिका खोकते.
छातीत कापूस साठलाय. कुणी बोलत नाही.
त्या शनिवारी लिगियानं तोंड उघडायच्या आधीच
खोकला आला, बाहेरून.
लांब, ओला, पायऱ्या चढत येणारा.
माना वळल्या. कुणीतरी 'शू' केलं.

मध्यंतरात दिग्दर्शकानं मला बाजूला घेतलं.
माणूस चांगला आहे. तालमींत रडायचा.
म्हणाला, "त्यांना जरा सांगशील?
फक्त तेवढ्या प्रवेशापुरतं. साडेआठ ते पावणेनऊ."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते विचारू नका.
सोबत पुदिन्याच्या गोळ्यांची बरणी नेली होती,
थिएटरच्या खर्चानं.
बाईनं बरणीवरची किंमत वाचली.
म्हणाली, "बरोबरच आहे.
दोघी एकदम खोकलो तर लोकांना कळायचं नाही
कुणाकडे बघायचं."

आता साडेआठ वाजले की ती कोटांच्या रांगेत शिरते.
लोकर, फर, बर्फानं ओलावलेली कापडं.
एकशे बारा नंबरच्या जाड कोटात तोंड खुपसते.
हँगर हलतात, तेवढंच.
आत लिगिया खोकते, अगदी हुबेहूब,
आणि तीनशे माणसं श्वास धरून बसतात.

काल खेळ संपल्यावर रांग लागली.
एकशे बारा नंबरच्या बाईंचे डोळे अजून ओले होते,
बाही सापडत नव्हती.
"काय भोगलंय हो त्या बायकांनी!" त्या म्हणाल्या,
आणि दोन झ्लॉटी बशीत टाकल्या.
व्हिएस्वावाबाईनं त्यांची कॉलर सारखी केली,
वरचं बटण लावून दिलं, बाहेर गारठा होता.

मग त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत
तिनं ओठ हलवले.
मला दोनदा वाचावं लागलं.

गाठ.
आज बरी बसली.