चार बोटं

डोल्गेथ्लायच्या खालच्या अंगाला, बंद लोकर-गिरणीच्या मागे
माझी शेड आहे. पाटी नाही. ज्याला हवी त्याला सापडते.
मी नळ्या वाकवतो,
पंचेचाळीस मिलिमीटर व्यासाच्या, एकसंध पोलादाच्या,
आणि शर्यतीच्या गाड्यांच्या पोटात
त्यांचा पिंजरा बसवतो.
गाडी उलटली तरी छत खाली येत नाही.
या डोळ्यांनी पाहिलंय:
तीन कोलांट्या, चौथीला चिखल,
आणि आतून हेल्मेटवाला माणूस
शिव्या देत बाहेर.

इल्टिडची गाडी शर्यतीची नव्हती.
पिवळी, बुटकी, दोन सीटची;
बाप गेल्यावर मेंढ्या विकून घेतलेली.
शनिवारी बारमथच्या समुद्रापर्यंत जायचं,
चिप्स खायच्या, घाटातून परत.
'पिंजरा बसव,' म्हणाला.
'मेरेरिदला काळजी वाटते.'

मी त्याला सीटवर बसवलं.
कानशील आणि नळी, मधे हात धरला.
चार बोटं.
'हेल्मेट घालशील?'
'चिप्स आणायला?'
तो हसला. मीही हसलो.

पट्टा साधाच, कंपनीचा, एका खांद्यावरचा,
जो धरतो, पण धरण्याआधी जरा सैल सोडतो.
ती ढील मला ठाऊक होती.
नळीला मी काळा फोम गुंडाळला,
हिवाळ्यात पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून घालतात, तोच.
अंगठ्याने दाबला की खड्डा पडे
आणि सावकाश भरून येई.
दिसायला छान दिसत होता.

नोव्हेंबर. सुपरमार्केटजवळचा गोल चौक.
ब्रेडच्या व्हॅनने बाजूने धक्का दिला.
वेग किती? ताशी वीस मैल.
दाराला पोचा, आरसा लोंबता.
व्हॅनवाला उतरून माफी मागू लागला,
इल्टिड म्हणाला, 'काही नाही रे, काही नाही,'
मग रस्त्यातच खाली बसला,
बूट काढले,
आणि उंबऱ्यापाशी ठेवावेत तसे
शेजारी शेजारी नीट लावले.

गाडी माझ्याकडेच आली.
सांगायला लाज वाटते,
मी आधी माझे जोड तपासले.
एकही तडकला नव्हता.
नळी सरळ, रंगाचा टवकाही उडालेला नाही.
फोमवर मी अंगठा ठेवला, दाबला.
खाली लगेच पोलाद.
अंगठा काढला.
फोम सावकाश भरून आला,
जणू तिथे कधी काही टेकलंच नव्हतं.

कुंपणच शेत खातं, म्हणतात.
पण कुंपणाला भूक कुठे असते?
ते फक्त जागचं हलत नाही.
डोकं हलतं.

बसवायला नऊ दिवस लागले होते,
कापायला एक दुपार.
आयुष्यातले माझे सर्वांत देखणे जोड
ठिणग्यांत गेले.
मेरेरिद दारात उभी होती, कोट न काढता.
शेवटचा तुकडा पडल्यावर विचारलं तिने,
'किती द्यायचे?'

हल्ली दर गुरुवारी येतात दोघं.
त्याला वास येत नाही कशाचा,
ना कॉफीचा, ना जळक्या रंगाचा, ना ओल्या मेंढ्यांचा.
नावं निसटतात. मला नुसतं 'अरे, तू' म्हणतो.
पिवळी गाडी कोपऱ्यात आहे अजून,
विकायचं ठरतं आणि राहतं.
तो आत बसतो, स्टिअरिंगवर हात ठेवतो,
छताकडे पाहतो, दाराकडे पाहतो.
'अरे, तू, पिंजरा कधी बसवतोस?
मेरेरिदला काळजी वाटते.'

ती पाठ वळवून
किटलीत पाणी भरायला लागते.

मी वाकतो. त्याच्या कानशिलाशी हात धरतो.
चार बोटं. पाच.
मग वीत. मग हात पूर्ण पसरतो,
तरी कशालाच लागत नाही.
'बसवू,' म्हणतो,
'पुढच्या गुरुवारी.'