एकाला दोन

इंद्रकुंडाच्या चढावर गुळवेकाकूंची खानावळ.
महिन्यातून एकदा जातो मी, कॉम्प्युटर बघायला.
या खेपेला म्हणाल्या,
ही इंग्रजी नावं काढ रे, वाचेपर्यंत भाजी लागते.

उजवं बटण दाबलं. नाव निळं पडलं.
हिशोबाच्या प्रोग्रामचं केलं 'उधारी',
प्रिंटरचं 'खरखऱ्या',
व्हिडिओ कॉलचं 'नात, रात्री नऊनंतर'.

'कोपऱ्यात हा बाण कसला?'
हा नुसता रस्ता, काकू. प्रोग्राम आत, दुसरीकडे.
हे पुसलं तरी तो जात नाही.
'आणि नाव बदललेलं कळतं त्याला?'
नाही. आत जुनंच असतं.

त्यांनी गॅस बारीक केला.
'ताटात तांदूळ पसरले होते,
ह्यांनी अंगठीनं लिहिलं, सुलक्षणा.
तेव्हापासून त्या हाकेला उठते.
सिन्नरचा दादा होता तोवर निदान...'
पोळी फुगली होती. ती आधी उतरवली.

खाली गंगेवर कुणीतरी मोटारसायकल धूत होतं,
रेडिओ मोठा लावून.

'एका प्रोग्रामला दोन शॉर्टकट चालतात?'
दोन काय, दहा करा.
पिठाचं बोट पदराला पुसून
त्यांनी एकेक अक्षर हुडकलं. मी मध्ये बोललो नाही.
'उधारी'च्या शेजारी आता
'इंदू'.

चालतंय का बघावं म्हणून मी दोनदा दाबलं.
तीच वही उघडली:
सव्वीस डबे, पाठकसरांचे दोनशे बाकी,
गुरुवारी साबुदाणा.